आधी पार्सल, मग वर्ग

पणजी आणि बार्देशातल्या कॅफेंमध्ये कॉफी बनवून देणाऱ्या बरिस्टांना कॉफी शिकवणे हे माझे काम आहे. कर्नाटकातले बागायतदार आणि आमच्याकडचे बरिस्टा यांना पडद्यावर समोरासमोर आणणाऱ्या ऑनलाइन वर्गांत मी शिकवतेही आणि शिकतेही. या पद्धतीवर माझा मनापासून विश्वास आहे. मात्र ती कोणत्या अटीवर उपयोगी ठरते, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. एकाच पोत्यातली, एकाच वेळी भाजलेली कॉफी वर्गाआधी दोन्ही टोकांना पोचली पाहिजे. चव तारेतून जात नाही, आणि चवीवाचून झालेला संवाद बागेच्या चित्रफिती पाहण्यापुरताच उरतो.

ही माणसे एकमेकांना अनोळखी राहिली त्यामागे व्यापाराची जुनी घडण आहे. १९४० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बागायतदाराची कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जात असे, आणि कोणते बी कोणाच्या बागेतले हा प्रश्न तिथेच संपत असे. खुली विक्री आल्यानंतरही भाव निघतो तो ५० किलोच्या पोत्यामागे, अरेबिका पार्चमेंट, अरेबिका चेरी, रोबस्टा पार्चमेंट आणि रोबस्टा चेरी या चार नावांखाली. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती; पार्चमेंट म्हणजे गर काढून, धुऊन, टरफलासह वाळवलेले बी, आणि चेरी म्हणजे अख्खे वाळवलेले फळ. व्यापारी ओलावा पाहतो आणि आउटटर्न काढतो, म्हणजे पोत्यातून स्वच्छ बी किती निघेल याचा हिशेब करतो; कपातल्या चवीची चौकशी त्या व्यवहारात क्वचितच होते. आपल्याकडचे बहुतेक बागायतदार १० हेक्टरांहून कमी जमिनीचे धनी आहेत, आणि आपल्याच बागेची कॉफी निगुतीने भाजून, चिकोरीवाचून, कोरी चाखण्याचा प्रसंग त्यांतल्या अनेकांवर आलेलाच नसतो.

गोव्यातल्या मुलांना बाग समजावताना मी कुळागराचा आधार घेते. माड-पोफळींच्या सावलीत मिरीवेल, केळी आणि जायफळ एकत्र वाढवणारे फोंडा-सत्तरीकडचे कुळागर ज्याने पाहिले आहे, त्याला सिल्व्हर ओक आणि रानवृक्षांच्या छायेत, मिरीच्या सोबतीने वाढणारी कॉफी चटकन उमगते. पुढचे मात्र बागायतदारानेच सांगावे. मार्च-एप्रिलच्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत सबंध बाग फुलते; फुलापासून पिकल्या फळापर्यंत अरेबिकाला आठ-नऊ महिने आणि रोबस्टाला दहा-अकरा महिने लागतात; तोडणीच्या दिवसांत अवेळी पाऊस आला तर फळे झाडावरच फुटतात आणि खळ्यावरची कॉफी वाळता वाळत नाही. हे ऐकल्यावर त्याच बागेची कॉफी यंदा वेगळी का लागते हा प्रश्न बरिस्टा तक्रारीच्या सुरात विचारत नाही, तर कारण जाणून घेण्यासाठी विचारतो, आणि हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

माझ्या मते या वर्गांतला सर्वांत मोलाचा धडा फिकट दाण्यांचा आहे. अपुऱ्या पिकलेल्या फळातल्या बियांत साखर पुरेशी साठलेली नसते, त्यामुळे भाजताना त्या इतरांसारख्या तपकिरी होत नाहीत. भाजणारे त्यांना क्वेकर म्हणतात. न भाजलेल्या बियांमध्ये ते ओळखणे अतिशय कठीण असते, म्हणून पार्चमेंट विकणाऱ्या बागायतदाराच्या नजरेस ते कधी पडतच नाहीत आणि त्यांचा उपद्रव काउंटरवर सोसावा लागतो. वर्गात दोन्ही टोकांना एकाच वेळी ताटात भाजलेली कॉफी पसरायची, फिकट दाणे वेचून बाजूला काढायचे, ते वेगळे दळून त्यांचा एक कप करायचा आणि उरलेल्या निवडक दाण्यांचा दुसरा. पहिल्या कपात शेंगदाण्याच्या सालीची कोरडी, कागदी चव येते. तो घोट बागायतदाराने स्वतः घेतला की तोडणीबद्दल आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर बोलण्याची पाळी त्याची असते, आणि ते बोलणे बरिस्टाने नीट ऐकले पाहिजे. एकाच फांदीवरची फळे एकाच दिवशी पिकत नाहीत, त्यामुळे फक्त लाल फळे घ्यायची तर त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. तोडणीची मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर असते, म्हणून हिरवे फळ टाळणाऱ्या मजुराचे दिवसाचे उत्पन्न घटते. आणि मजूर तर आसामसारख्या दूरच्या राज्यांतून आणावे लागतात. एक किलो बी मिळवायला पाच ते सहा किलो फळे लागतात. हा हिशेब मांडला जातो तेव्हा कप कितीला विकला जातो हा प्रश्न अपरिहार्यपणे येतो, आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. १८ ग्रॅमच्या मापाने एका किलो भाजलेल्या कॉफीतून साधारण ५५ एस्प्रेसो निघतात. त्यांची किंमत सांगावी आणि त्याबरोबर भाडे, दूध, वीज, पगार आणि पावसाळ्यातली रिकामी टेबले हेही सांगावे. असे आकडे उघड झाल्यावर जास्तीच्या तोडणीचा खर्च कोणी उचलायचा याबद्दल निदान खरी बोलणी सुरू होतात. केवळ लाटे आर्ट, म्हणजे कपावर दुधाच्या फेसाची नक्षी, शिकवून थांबणारे वर्ग या प्रश्नापाशी पोचतच नाहीत, आणि म्हणून मी त्यांना अपुरे मानते.

पार्सलाची काळजी घेण्यात मी कसूर करत नाही. कपिंगचे, म्हणजे चव तपासण्यासाठी ठरावीक मापाने केलेल्या कॉफीचे, प्रमाण १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी असे ठरलेले आहे आणि पाणी सुमारे ९३ अंशांचे हवे, पण मापे जुळली तरी पाणी जुळतेच असे नाही. पणजीत ओपाचे पाणी येते, बार्देशात अस्नोड्याचे, आणि कर्नाटकातल्या कोडगूच्या मळ्यात विहिरीचे. म्हणून सर्वांनी एकाच प्रकारचे बाटलीबंद पाणी घ्यावे असा माझा आग्रह असतो. गोव्याच्या दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी लवकर शिळी होते, तेव्हा नमुने लहान पिशव्यांत भरून त्या वर्गातच उघडलेल्या बऱ्या.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. बागेत कन्नड, कोडवा आणि तुळू बोलली जाते, आमच्या काउंटरमागे कोकणी, मराठी, हिंदी आणि नेपाळी, आणि धडे मात्र बहुधा इंग्रजीत तयार होतात, त्यामुळे प्रत्यक्ष हाताने काम करणारी माणसे दोन्हीकडे गप्प बसतात. वर्गात दोन्ही बाजू जाणणारा एक दुभाषी असावा, आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर आपापल्या भाषेत ध्वनिसंदेश पाठवावेत. ते मागाहून समजावून घेता येतात.

वेळापत्रक तर निसर्गानेच आखून दिले आहे. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते आणि रोबस्टाची त्यापुढेही, आणि नेमके तेच गोव्यातल्या पर्यटनाचे गर्दीचे महिने असल्याने तेव्हा वर्ग ठेवणे म्हणजे कोणीही न येणे. मोकळीक मिळते ती जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत डोंगरावरची वीज आणि नेटवर्क वारंवार जाते, म्हणून प्रत्येक वर्गाचे चित्रण ठेवावे आणि दीड तासाहून लांब वर्ग घेऊ नये. तरीही सप्टेंबरअखेर अभ्यासक्रम संपलाच पाहिजे, कारण कोणते फळ तोडायचे, किती फेऱ्या करायच्या आणि मजुरी कशी मोजायची हे बागायतदार तोडणीच्या आधी ठरवतो. त्या निर्णयातून आलेल्या नव्या हंगामाच्या कॉफीचे पहिले नमुने त्याच बरिस्टांकडे यावेत, आणि त्यांतले फिकट दाणे पुन्हा मोजले जावेत.