आमची वाटचाल : बुश, स्पिंडल आणि क्रोम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ टाकून बसलेल्या माणसाला कुणी डिग्री विचारत नाही, हाताचा टॉलरन्स विचारतात, म्हणजे माप किती काटेकोर जमतं ते. आमच्या वडिलांनी ऑइल इंजिनांच्या आणि विहिरीवरच्या पंपांच्या बुशांवर (फिरत्या दांड्यासाठी भोकात बसवायच्या धातूच्या नळ्यांवर) घर चालवलं. पाटी लावली नव्हती, कारण शोधत येणाऱ्याला गल्ली माहीत असायची. जुन्या मोटारी आमच्या दारात आल्या त्या मिरजेच्या डॉक्टरांमुळे, आणि पुढं धंदा टिकला तोही त्यांच्यामुळेच.

डॉक्टरांची गाडी एमजी टीडी, जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार. साडेबाराशे सीसी इंजिन, एसयू या इंग्रजी बनावटीचे सव्वा इंची दोन कार्ब्युरेटर. आयडलिंग कधी ठरेना. पाय काढला तरी इंजिन आपल्याच नादात गुरगुरत राहायचं. मुंबईला ऑपेरा हाउसच्या बाजूनं पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या नीडल आणून झाल्या, जेट बदलून झाले. वडिलांनी कार्ब्युरेटर हातात घेतला, अंगठ्यानं स्पिंडल, म्हणजे आतल्या झडपेचा दांडा, वर-खाली हलवला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हवा हितनं वढतंय." जेटकडं त्यांनी बघितलंही नाही.

ज्यांनी एसयू उघडलाय त्यांना पुढचं सांगायला नको. स्पिंडल झिजतो, त्याहून जास्त बॉडीतलं भोक लंबगोल होतं. मग बटरफ्लाय, म्हणजे स्पिंडलवरची झडपेची गोल चकती, एका बाजूला झुकते, तिची कड बोअरला घासते आणि थ्रॉटल अडकतो, पाय काढला तरी बंद होत नाही. नुसता नवा स्पिंडल टाकून काही होत नाही. दोन्ही बाजूची भोकं एकाच दमात, एकाच रीमरनं (भोक नेमक्या मापाला आणायच्या हत्यारानं), एका रेषेत काढावी लागतात आणि त्यात गनमेटलचे बुश बसवावे लागतात. एक बाजू आज आणि एक उद्या असं केलंत तर दोन चांगले बुश मिळतात आणि त्यात न फिरणारा स्पिंडल. वडिलांनी त्यासाठी लांब पायलटचा (पुढच्या मार्गदर्शक दांड्याचा) रीमर स्वतः घासून केला. तो अजून आमच्या कपाटात तेलाच्या फडक्यात आहे आणि नव्या पोरांना त्याला हात लावायची परवानगी नाही.

बटरफ्लायची कड तिरकी घासलेली असते, म्हणून ती उलटी बसत नाही, बसवली तर अडकते. तिचे दोन स्क्रू टोकाला चिरलेले असतात. बसवल्यावर ती टोकं फाकवायची. कुणी आळस केला तर स्क्रू सुटून थेट इंजिनात जातो. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, डॉक्टरांच्या गाडीनं शिकवलं. तिच्या इंजिनाला आटे मेट्रिक आणि नटांची डोकी व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाच्या, पान्याची, हा इंग्रज साहेबांचा वेडेपणाही आम्ही तिच्यावरच समजून घेतला. पान्यांचा तो संच जमवायला जुना बाजार पालथा घातला.

पुढची बरीच वर्षं सरळ गेली. कामं येत राहिली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ती ट्रायम्फ मोटार आली. टीआर-३ए, १९५७ ते १९६२ मधली. तिचं १९९१ सीसीचं ओल्या लायनरचं (सिलिंडरच्या नळ्यांभोवती थेट पाणी खेळणारं) इंजिन म्हणजे स्टँडर्ड कंपनीच्या व्हॅनगार्ड गाडीच्याच घराण्यातलं. व्हॅनगार्ड एके काळी मद्रासला जुळवली जात असे, त्यामुळे जुन्या मेकॅनिक मंडळींना ते इंजिन अगदीच परकं नव्हतं. मालक इचलकरंजीचे. आम्ही त्यांच्या दोन्ही पावणेदोन इंची एसयूंना बुश घालून दिले, नळी कानाला लावून दोन्हीचा हवा ओढायचा सुस्कारा सारखा करून दिला. गाडी खूश, मालक खूश. पुढं त्यांनी ती एका मोठ्या गावातल्या मोठ्या गॅरेजला प्रदर्शनासाठी सजवायला दिली. नाव घेत नाही. ते घेतल्याशिवायही ओळखणारे ओळखतील.

काही महिन्यांनी आंबा घाट उतरताना त्या गाडीचा थ्रॉटल उघडा राहिला. मालकांनी क्लच दाबून इग्निशन बंद केलं म्हणून वाचले. मडगार्ड कठड्याला घासलं. त्या गॅरेजनं गाडी न उघडताच निकाल दिला: "कोल्हापूरच्या लेथवाल्याचे बुश, त्यांनी स्पिंडल धरला." लेथवाला हा शब्द शिवीसारखा वापरायचा एक सूर असतो, तो त्यांना चांगला जमायचा.

जुन्या गाड्यांचं जग लहान. रॅलीच्या चहाच्या टेबलावर जे बोललं जातं ते आठवड्यात नागपूरपासून पणजीपर्यंत पोचतं. आमच्याकडं दिलेले कार्ब्युरेटर लोक उघडण्याआधीच परत मागायला लागले. त्याच सुमाराला आम्ही सिलिंड्रिकल ग्राइंडर (गोल दांडे घासायचं मशीन) कर्जावर घेतला होता. हप्ता थांबत नाही. वडिलांच्या हाताखाली तयार झालेला टर्नर एका फाउंड्रीच्या मशीन शॉपला गेला. त्याला दोष देत नाही, त्यालाही पोरं होती. ग्राइंडर विकायला काढला. गिऱ्हाईक येऊन भाव पाडून गेलं.

डॉक्टर तेवढे यायचे थांबले नाहीत. काम नसलं तरी यायचे. एकदा म्हणाले, "मालक, पेशंट न तपासता मृत्यूचा दाखला दिलाय त्यांनी. तुम्ही तपासा की." आणि त्यांनीच इचलकरंजीकरांना गळ घालून ती ट्रायम्फ टोवर आमच्या दारात आणवली. अट एकच, सगळं मालकांसमोर उघडायचं.

आधी इंजिन तापवलं, कारण थंड गाडीवर हा आजार लपतो. मग बंद करून कार्ब्युरेटरच्या लिव्हरवरनं पॅडलकडनं येणारा रॉड सोडवला. बोटानं बटरफ्लाय उघडून सोडली. टक! स्टॉपवर आली. पुन्हा, पुन्हा, दोन्ही कार्ब्युरेटर. म्हणजे आमचे बुश निर्दोष, आणि अडकण मागं, पॅडलच्या बाजूला. रॉड त्याच्या सांध्याच्या बॉलवर उभा धरला तर तसाच उभा राहिला, खाली लोंबला नाही. बल्कहेडवरचा, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यावरचा, आडवा शाफ्ट तर पक्कडीनं फिरवावा लागला.

शाफ्ट आरशासारखा चमकत होता. बॉलही. प्रदर्शनासाठी अख्खं लिंकेज (पॅडल ते कार्ब्युरेटरचे सगळे जोड) क्रोम करून आणलं होतं! क्रोमच्या खाली निकेल असतं, त्याखाली कधी तांबंही. सगळे थर धरले तर व्यास दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, सहज वाढतो. शाफ्टला मायक्रोमीटर लावला, बुशमध्ये आतलं माप घ्यायचं टेलिस्कोपिक गेज. क्लिअरन्स, म्हणजे फिरायची मोकळीक, जवळजवळ नाहीच. बसवताना तेल घालून ठोकला असणार. तेल आहे तोवर सरकला. इंजिनच्या उष्णतेनं तेल पळालं, तसा निकेलवर घासून धरायला लागला. बुशच्या आत निकेलचे ओरखडे दिसत होते. मालकांनी चष्मा पुसून ते बघितले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. डॉक्टर मात्र लगेच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या गॅरेजकडनं माफी आली नाही. "पावसाळ्यात गंज चढला असेल," एवढंच आलं. ओरखडे तर निकेलचे होते! असो. आम्ही बेअरिंगच्या जागेपुरतं प्लेटिंग उतरवून शाफ्ट बुशला जुळवला, बॉल बदलले. इचलकरंजीकरांनी स्वखुशीनं सगळीकडं खरं सांगितलं, पण बदनामी जितक्या वेगानं गेली तितक्या वेगानं खरं जात नाही. कामं हळूहळू परतली. ग्राइंडर विकावा लागला नाही. टर्नर आला नाही.

आता विचारलं नसलं तरी सांगतो. थ्रॉटल अडकला की लगेच कार्ब्युरेटर काढू नका. पॅडलखालची मॅट बघा, मग चोक पूर्ण परत जातो का, फास्ट आयडलचा स्क्रू टेकून राहतो का ते बघा. इंजिन माउंट बसले असतील तर वेग घेताना इंजिन कलतं आणि रॉड ताणला जातो. हे गाडी उभी असताना कधी कळत नाही. थ्रॉटल पूर्ण बंद असूनही आरपीएम (इंजिनचे फेरे) वरच लटकत असतील तर ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची वजनं आणि स्प्रिंग बघा, किंवा मॅनिफोल्डला हवा कुठं शिरते ते. तो थ्रॉटलचा दोष नाहीच, पण बिल थ्रॉटलचं लागतं. आणि बॉल-जॉइंटला ग्रीस थापू नका. आपल्या रस्त्यांच्या धुळीची त्यात पेस्ट होते. हलकं तेल, थोडं, वारंवार. प्रत्येक कार्ब्युरेटरला स्वतंत्र परतीची स्प्रिंग ठेवा. एक तुटली तरी दुसरी घरी आणते. स्प्रिंग जाड केल्यानं अडकण सुटत नाही, पाय मात्र दुखतो.

डॉक्टर आता गाडी फार चालवत नाहीत. तरी टीडीची वर्षाची तपासणी आमच्याकडंच, आणि त्याचं बिल आम्ही करत नाही, ते मात्र दर वेळी भांडून पैसे देतात. मुलगा आता रीमिंगला बसतो. त्याला कपाटातला तो रीमर दिलेला नाही, स्वतःचा घासून कर म्हटलंय.

काम पाठवणाऱ्यांना एकच विनंती: नुसता कार्ब्युरेटर कुरिअर करू नका. त्याच्याबरोबर रॉड, बॉल, आडवा शाफ्ट आणि त्याचे बुश, सगळं पाठवा. क्रोम केलेलं असेल तर आधी फोनवर सांगा. ते उतरवायचे पैसे वेगळे पडतील.