एमएस, हाताची ताकद आणि पकड

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार झाला आहे असे कळले की लोक पहिल्यांदा चालण्याविषयी विचारतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण मज्जासंस्थेचे डॉक्टर कर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली, आजाराची तीव्रता ठरवणारी शून्य ते दहाची ईडीएसएस मोजपट्टीसुद्धा चारच्या पुढे मुख्यतः चालण्यावरच बेतलेली आहे. माझी तक्रार मात्र हातांची आहे आणि ती ताकदीची नाही. पकडीचा जोर मोजणारा डायनॅमोमीटर दाबायला दिला की माझा आकडा बरा येतो आणि कागदावर तसा शेराही पडतो. पण त्याच हाताने ब्लाऊजचा हूक लावताना तो बोटांत आहे की सुटला, हे मान खाली घालून पाहिल्याशिवाय मला कळत नाही. कागदी कप मी इतका घट्ट धरते की तो चेपून चहा काठावर येतो, आणि आपण एवढा जोर लावला आहे याचा मला पत्ताच नसतो.

योहानसन आणि वेस्टलिंग या स्वीडिश संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवले की, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वस्तू उचलताना निरोगी माणूस ती निसटू नये एवढ्यापेक्षा थोडासाच जास्त जोर लावतो. वजन बोटांवर येत जाईल तशी पकडही त्याच्या जोडीने वाढते, आणि वस्तू किंचित सरकली तर त्वचेतील संवेदकांच्या सूचनेवरून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ती आवळली जाते. एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब होत असल्यामुळे ही सूचना उशिरा किंवा तुटक पोहोचते. मग मेंदू धोका न पत्करता आधीच जादा जोर लावून ठेवतो. आजार सौम्य असलेल्यांमध्येही असा जादा जोर अभ्यासांत आढळला आहे. दिवसभर असे आवळून काम केल्यावर संध्याकाळी बोटे थकणारच!

इंग्लंडची चेलोवादक जॅकलीन दु प्रे हिच्या आजाराचे निदान १९७३ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी झाले. त्याआधीच्या शेवटच्या मैफलींत तिला गजाच्या वजनाचा अंदाज येत नव्हता आणि बोटे कुठे पडतात हे डोळ्यांनी पाहून वाजवावे लागत होते. स्पर्शाची उणीव नजरेने भरून काढण्याची ही युक्ती आम्ही सगळेच वापरतो, मात्र अंधारात किंवा पाठीमागे हात नेल्यावर तिचा काही उपयोग होत नाही.

चेंडू दाबण्याचा व्यायाम सगळेच सुचवतात. मला त्याचा फारसा उपयोग वाटत नाही, कारण दाबता येणे ही माझी अडचणच नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने, दिलेली जाड मुठीची पेने आणि चमचे, प्रत्यक्ष कामाचाच सराव, आणि गरम पाण्याचा अंदाज बधिर बोटांऐवजी कोपराने घेण्याची सवय हे अधिक कामाचे ठरले.

मोजायचेच असेल तर नऊ खुंट्यांची चाचणी मोजावी. छोट्या खुंट्या एकेक करून भोकांत बसवायच्या आणि पुन्हा काढायच्या, प्रत्येक हाताने दोनदा. निरोगी प्रौढाला साधारण २० सेकंद लागतात आणि वेळेत २० टक्क्यांचा फरक पडला तर तो महत्त्वाचा मानतात. शरीराचे तापमान वाढले की एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात, त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी उन्हातून येऊन दिलेली चाचणी आणि डिसेंबरमधल्या सकाळची चाचणी यांची तुलना करण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना सांगून थोडा वेळ पंख्याखाली बसावे आणि मगच खुंट्यांना हात लावावा.