पटाईत

मानपत्रात ‘निधी गोळा करण्यात पटाईत’ असं छापलं, तर मागच्या रांगांत खसखस पिकणारच. शब्दकोशात पटाईत म्हणजे कुशल, तरबेज. पण सत्कारमूर्तीने तेवढ्यावर समाधान मानावं, अशी आज या शब्दाची चालचलणूक राहिलेली नाही.

घराणं मात्र खानदानी. पट्टा चालवतो तो पटाईत, भाला चालवतो तो भालाईत. दांडपट्ट्याचं पातं लांब, सरळ, दुधारी आणि लवचीक. मूठ पोलादी आवरणात, तेही कोपराजवळ पोचणारं. त्यामुळे मनगट जखडलेलं राहतं आणि तलवारीला सरावलेला हात इथे फसतो. वार खांद्यातून, अंग फिरवत काढावा लागतो. फेक मध्येच तुटली की पातं लवतं आणि खेळणाऱ्याच्याच पायाकडे येतं. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत या पट्ट्याने लिंबू कापून दाखवतात. 2024मध्ये सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं.

शस्त्राला मान मिळाला, शब्द मात्र केव्हाच सबबी सांगण्यात, थापा मारण्यात आणि उधारी बुडवण्यात रमला. पट्टाही तोंडात गेलाच की. तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याने गप्प बसावं. (पट्टाईत वाघाचा या शस्त्राशी संबंध नाही. त्याचे पट्टे कातडीवर.)

वापरताना क्रियापदाला ‘ण्यात’ लावावं: झाडावर चढण्यात पटाईत, पत्ते पिसण्यात पटाईत. तो, ती, ते, सगळ्यांना एकच रूप. हातातोंडाच्या चलाखीला हा शब्द शोभतो, विद्येला नाही. म्हणून शाळकरी पोरगा गणितात पटाईत आणि त्याचे सर निष्णात. ‘पटाईत सर्जन’ म्हटलं तर रोगी पळेल.

‘हातखंडा’ची गल्लत वेगळी. ‘तो स्वयंपाकात हातखंडा आहे’ हे कानाला खटकतं. ‘स्वयंपाकात त्याचा हातखंडा आहे’ असं हवं. प्रयोग मात्र खुशाल हातखंडा असतो.

आणि सराईत? बातम्यांमध्ये त्याच्यापुढे गुन्हेगारच यायचा. सराव त्या शब्दाच्या पोटातच आहे, पण कशाचा सराव ते पोलिसांनी ठरवून टाकलं. ‘सराईत डॉक्टर’ म्हणून बघा. गंमत म्हणजे ‘पणे’ जोडलं की डाग जातो: सराईतपणे भाकरी थापणाऱ्या बाईवर कोणी संशय घेत नाही. ‘पटाईतपणे’ मात्र कोणी म्हणत नाही.