पेजेवरचं झाकण

रविवार, २८ डिसेंबर. रात्रीचे साडेअकरा.

खोल्यांतले पाहुणे झोपले. भांडी घासून पालथी घातली, उद्याच्या घावण्यांचे तांदूळ भिजत घातले, कोंबड्यांचं खुराडं लावलं. तरी डोळ्याला डोळा लागत नाही. कारण सांगायला गेलं तर कोणीही म्हणेल, एवढंच? हो, एवढंच. आज दुपारी मी माझ्या पेजेवर झाकण ठेवलं.

मार्गशीर्षातले गुरुवार संपले तशी सगळ्यांना मासळी हवी झाली आहे. आजची मंडळी पुण्याची, काल तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरलेली. चार मोठी माणसं नि एक दीड वर्षाचं पोर. सकाळी किल्ला बघून आली ती भुकेलेलीच. सुरमई तळली, तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं केलं, वडे, सोलकढी, भात. मनापासून जेवली, ताटात काही टाकलं नाही. अशा लोकांना वाढताना बरं वाटतं.

तीन वाजले तेव्हा कुठे मी मागीलदारी उंबऱ्यावर टेकले. सकाळी चुलीवर ठेवलेली उकड्या तांदळाची पेज अजून कोमट होती. निखारे होते म्हणून त्यावर एक सुका बांगडा टाकला. साल करपून फुगली की काढायचा, तळहातावर आपटून राख झाडायची, मधला काटा अंगठ्याने ओढून घ्यायचा आणि तुकड्यांवर खोबरेल तेलाचे चार थेंब सोडायचे. सोबत मिठातली कैरी. फणसाचं पान दुमडून त्याला झावळीचा हीर टोचला की चमचा तयार. घरात स्टीलचे दोन डझन चमचे आहेत, पण पेज मी पानानेच जेवते. गरम पेजेत बुडलं की पानाला एक हिरवट वास सुटतो, तो स्टीलला कुठून येणार?

पहिला घोट घेतला आणि पाठीमागून हाक आली. ‘काकू, बाळासाठी थोडं गरम पाणी मिळेल?’

ती वळसा घालून पुढे येईपर्यंत माझा हात झाकणाकडे गेला होता. टोपावर झाकण, बांगड्यावर उपडी ताटली. मी ठरवून काही केलं नाही, हातानेच केलं. पण तिने बघितलं होतं. म्हणाली, ‘अहो, तुम्ही अजून जेवताय? आणि पेज? तुम्हाला सुरमई नाही का उरली?’ तोंडावर खरोखरची काळजी होती. आणि मी म्हटलं, ‘पोट जरा बरं नाही माझं, म्हणून पेज.’

पोट बरं नाही! बांगड्याचा वास साऱ्या मागीलदारी भरून राहिलेला आणि मी सांगतेय पोट बरं नाही. सुरमईचे चार तुकडे फ्रिजमध्ये होते. मला नको होते. मला पेजच हवी होती, सकाळपासून मी तिच्याच वाटेकडे डोळे लावून होते. हे सांगायला काय झालं होतं मला?

संध्याकाळी ती ओआरएसची पुडी घेऊन आली. ‘लिटरभर पाण्यात घाला काकू, बरं वाटेल.’ ती पुडी आत्ता समोर आहे, खोबरेलच्या बाटलीला टेकवून ठेवली आहे. टाकवत नाही आणि बघवतही नाही.

रात्री नंदूला फोन लावला. तिचं म्हणणं, ‘आत्ये, ह्याला गिल्टी प्लेझर म्हणतात. सगळ्यांचं असतं.’ तिचं असतं म्हणे रात्री बारा वाजता मॅगी, तीसुद्धा कोरडी. मला ते पटलं नाही. फोन ठेवल्यावर मी त्या शब्दावर बराच वेळ विचार केला. चोरून खाण्याची माझी जी वस्तू आहे ती खाजा. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, त्यावर आल्याच्या गुळाचं जाड कवच. दाताखाली आधी कडकन मोडतो, मग आलं घशात उतरतं. आंगणेवाडीच्या जत्रेत भराडीदेवीचं दर्शन झालं की पहिली खरेदी खाजाची, मग बाकीची. दुकानात तो बारा महिने मिळतो, पण जत्रेतल्या ढिगातून कागदात बांधून घेतलेला खाजा मला वेगळा लागतो. डॉक्टरांनी गोड बंद करून सहा वर्षं झाली, तरी मुगाच्या डब्यामागे एक पुडी असते. ते चुकतं, मला ठाऊक आहे. खाताना मनात टोचतं आणि टोचायलाच हवं.

पण पेजेने कोणाचं काय वाईट केलंय? तेल नाही, साखर नाही. भात उकडून, वाळवून, मग कांडलेला लालसर तांदूळ आणि भरपूर पाणी. आमच्या बाजूला सकाळी चहा झाला की माणूस पेज जेवूनच शेतात जायचा. ‘पेज जेवलंस?’ हाच सकाळचा नमस्कार. आणि मी खाजा कोणासमोरही उघडून खाल्ला असता, पाहुणीला एक कांडी पुढेही केली असती. झाकण ठेवलं ते पेजेवर.

आई आठवतेय तेव्हापासून. झाकण ठेवणारा हात तिचाच होता.

मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. बाबांच्या तोंडून ही तारीख इतक्यांदा ऐकली आहे की मला माझ्या लग्नाच्या तारखेसारखी पाठ आहे. सगळ्या गिरण्यांत मिळून अडीच लाख माणसं होती, त्यातले एक आमचे बाबा. मनीऑर्डर थांबली आणि काही महिन्यांनी बाबाच एसटीने आले, वळकटी घेऊन. संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही, असं ते शेवटपर्यंत म्हणायचे. त्या पावसाळ्यात घरात सकाळी पेज, दुपारी पेज, रात्रीही पेज. दिवसेंदिवस पातळ होत गेली. मी तेव्हा चौथीत. वरच्या पाण्यात, निवळीत पानाचा चमचा फिरवून शीत सापडतं का बघायचे. पावसाआधी आगोटीला भरून ठेवलेले सुके बांगडे आई मोजून काढायची, एकाचे चार वाटे. डोकं कोणाला हे भांडण.

एकदा भर दुपारी गिरगावची काकी आली, न कळवता. आम्ही जेवायला बसलो होतो. आईने टोपावर झाकण ठेवलं, टोप चुलीच्या वैलामागे सारला आणि हसून म्हणाली, ‘आमची जेवणा झाली गो, आत्ताच.’ आम्ही तिघं भावंडं हात धुऊन उठलो. काकीला गुळाचा चहा केला. ती संध्याकाळी जाईपर्यंत आम्ही उपाशी होतो. कोणी एक शब्द काढला नाही. आई काकीशी मुंबईच्या गोष्टी बोलत राहिली.

पण आईला कारण होतं. तिच्या टोपात दुसरं काही नव्हतं, ते जगाला दिसायला नको होतं. माझ्या फ्रिजमध्ये तीन प्रकारची मासळी आहे. दोन खोल्या मी बांधून घेतल्या, कर्ज फेडलं. मग माझा हात कशाला घाबरला? त्रेपन्न वर्षांची बाई, स्वतःच्या मागीलदारी बसलेली.

खरं सांगायचं तर एवढ्यावर भागत नाही. सुरमई मला कधी आतून आवडलीच नाही. चांगली मासळी आहे, नाही कोण म्हणेल. पण ती दुसऱ्याला दाखवून वाढायची मासळी. कोंबडीवडे सणाचे, खाल्ले की दुपारभर जड. मला बरं वाटतं ते पेजेने, आणि पावसात कुळथाच्या पिठीने. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून दळलेलं पीठ, लसणीची फोडणी, दोन आमसुलं, वर मऊ भात. काही जण तिला पिठलंच समजतात, पण बेसनाच्या पिठल्याला तो भाजलेला वास कुठे? जूनजुलैत मासेमारी बंदीमुळे मोठ्या होड्या एकसष्ट दिवस किनाऱ्याला असतात, बाजारात ताजं फार काही नसतं. तेव्हा मी हेच जेवते आणि तेव्हाच माझं जेवण मला सगळ्यात गोड लागतं. आमच्या फाटकावरच्या फलकावर ‘घरगुती मालवणी जेवण मिळेल’ असं लिहून खाली अकरा पदार्थ आहेत. रोज घरात जे होतं ते त्यात एकही नाही. फलक मीच लिहून घेतला होता. भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणाले होते, पेज लिही गो एका कोपऱ्यात. मी हसण्यावारी नेलं. भाऊंचं…

असो.

मघापासून एक गोष्ट टाळत होते, ती लिहूनच टाकते. मला लागलं ते पेजेचं नाही. अकरा वर्षं झाली खोल्या देऊन. शेकडो माणसं जेवून गेली. सोलकढी अजून मागितली, मसाला विकत मागितला, फोटो काढले. तुम्ही काय जेवलात, हे आज पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. भाऊ गेल्यापासून ह्या घरात तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. माझा बाबल्या फोनवर विचारतो, पण त्याला ‘हो’ एवढंच ऐकायचं असतं. आणि कोणीतरी समोर उभं राहून विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. ती पोर बिचारी पुडी घेऊन आली. तिला एवढंच म्हणायचं होतं, ‘बस गो, अर्धा बांगडा खा.’ बसली असती की नसती, देव जाणे. वास सोसला नसता कदाचित. पण ते तिचं तिने ठरवलं असतं.

लिहिताना मघाशी रडू आलं, आता नाही येत. भूक लागली आहे. दुपारी ती गेल्यावर मी अर्धीच पेज जेवले, उरलेली थंड होऊन टोपात घट्ट बसली आहे. वर निवळ, खाली शितं. कैरीची फोड आहे. बांगड्याची शेपटी आहे.

ओआरएसची पुडी डब्यात ठेवून दिली. कोणाच्या तरी पोराला लागेल.

उद्या मंडळी दहाला निघणार, नाश्त्याला घावणे आणि चटणी. मी सहाला उठून पेज ठेवेन. पुढच्या पडवीत बसून जेवेन, बाकड्यावर, तिथे सकाळचं ऊनही येतं. ती बाई लवकर उठते, पोराला घेऊन अंगणात फिरते. विचारलंच तिने, पोट कसं आहे काकू, तर सांगेन. कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

फणसाची पानं मात्र दोन आणून ठेवली आहेत.