डावं पाऊल पाव फेरा बाहेर

काल सकाळी गोल्फच्या सराव रेंजवर सेव्हन आयर्नने (मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबने) साठ बॉल मारले, त्यातले हॉझेलवर, म्हणजे क्लबचं डोकं दांड्याला जोडणाऱ्या नळीवर, लागले फक्त दोन. जूनपासूनच्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या आकड्याचं मोल सांगायला नको. मागची नोंद लिहिली तेव्हा साठात चौदा-पंधरा शँक (असे हॉझेलवर लागून उजवीकडे पळणारे फटके) ठरलेले होते, आणि त्याच आठवड्यात येरवड्याच्या कोर्सवर एका पार थ्रीवर (तीन फटक्यांत संपवायच्या होलवर) मी लागोपाठ तीन शँक मारून नऊ फटक्यांवर होल संपवला होता. पहिला उजवीकडच्या झाडात, दुसरा त्याच झाडात, तिसरा थेट शेजारच्या फेअरवेवर. त्या दिवशी पुढचे सगळे होल मी हायब्रिडने ढकलत खेळले. घरी येऊन आयर्न बॅगेतून बाहेर काढून कपाटामागे ठेवले.

स्लाइस (बॉल हवेत उजवीकडे वळत जाणं) गेल्याची नोंद एप्रिलमधली आहे. तेव्हा लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) पाथ, म्हणजे बॉलला लागताना क्लब जातो ती दिशा, उणे पाच अंशांवरून (बाहेरून आत) अधिक दोनवर (आतून बाहेर) आला होता आणि बॉल पहिल्यांदा उजवीकडून डावीकडे अलगद वळताना बघून मला हुंदका आला होता. बॉल निघतो तो बहुतेक फेस (क्लबची बॉलला लागणारी सपाट बाजू) जिकडे बघतो तिकडे, आणि वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आतून बाहेर मारायची चटकच लागते. तिथेच गाडी घसरली. दोनवर थांबायचं सोडून मी आतून बाहेर, आणखी आतून बाहेर करत राहिले. जुलैत परत मोजलं तर पाथ साडेसहा होता. स्लाइसवरचं औषध मी बरं झाल्यावरही घेत होते.

पण नुसत्या पाथमुळे शँक होत नाही, आणि हे कळायला मला सहा आठवडे लागले. या सहा आठवड्यांत जे जे करून पाहिलं ते लिहून ठेवते, म्हणजे कुणाचा तरी वेळ वाचेल. बॉलपासून लांब उभी राहिले: आणखी वाढला. लांबच्या बॉलपर्यंत पोचायला वजन पायाच्या बोटांवर जातं, आणि खाली येताना सगळं शरीर बॉलकडे झुकतं. ग्रिप घट्ट धरली: मनगटं अडकली, पंधरा यार्ड गेले, शँक तसाच. फेस बंद करून पाहिला. हा सगळ्यात वाया गेलेला आठवडा, कारण हॉझेलवर बॉल लागतो तेव्हा फेस कुठे बघतोय याला अर्थच उरत नाही; गोल नळीवर आपटलेला बॉल जायचा तिकडेच जातो.

शेवटी व्हाइटबोर्डचा मार्कर उपयोगी पडला. बॉलच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढायचा, तो फेसकडे करून ठेवायचा आणि मारायचा. ठिपका फेसवर उमटतो, फोटो काढायचा, पुसायचं, पुढचा. मी तीन दिवसांत दीडशे फोटो काढले. त्यातून कळलं की माझे ‘चांगले’ शॉटसुद्धा हीलवरच (फेसच्या हॉझेलकडच्या टोकावरच) लागत होते. म्हणजे शँक हा अपघात नव्हता, ती माझ्या नेहमीच्या फटक्याची पुढची पायरी होती. मग पट्टी लावून मोजलं. फेसवरच्या ग्रूव्हच्या (आडव्या खाचांच्या) मध्यापासून हॉझेलचं वळण सुरू होतं तिथपर्यंत जेमतेम तीन सेंटीमीटर. बॉलचाच व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो. ड्रायव्हरचा वेग, खांद्याचा फेरा, एवढं मोठं सगळं हलतंय, आणि हात तीन सेंटीमीटर बाहेर गेले की खेळ संपला. हे मोजल्यावर चिडचिड बरीच कमी झाली. आता शोधायची गोष्ट एकच होती: हात बाहेर जातात का?

उत्तर दिलं आमच्या कॅडी मामांनी. आठ वर्षं माझी बॅग त्यांच्याकडे आहे आणि न विचारता ते स्विंगबद्दल अवाक्षर काढत नाहीत. त्या दिवशी मीच विचारलं. म्हणाले, “ताई, हातांचं सोडा. तुम्ही मारताना उठताय. खुर्चीतून उठल्यागत. कंबर मागंच राहू द्या की.”

फोन मागून लावून व्हिडिओ घेतला, अॅड्रेसला म्हणजे मारण्याआधी बॉलसमोर उभी असताना, पार्श्वभागाला टेकून एक उभी रेघ ओढली. बॅकस्विंगमध्ये रेघेला चिकटून. इम्पॅक्टला (क्लब बॉलला लागताना) रेघ आणि मी यांच्यात वितीएवढं अंतर. अर्ली एक्स्टेन्शन, म्हणजे फटक्याआधीच कंबर पुढे जाऊन उठणं, अगदी पाठ्यपुस्तकातलं. कंबर बॉलकडे सरकली की हातांना आत जागा उरत नाही, ते बाहेर फेकले जातात, आणि माझ्या साडेसहाच्या पाथबरोबर हॉझेल नेमका बॉलवर येतो.

इथे मी मागच्या वर्षीची मी असते तर हजार बॉल मारून सवय मोडायला निघाले असते. या वेळी आधी फिजिओ मॅडमकडे गेले. त्यांनी खुर्चीवर बसवलं, गुडघे जोडून डावं पाऊल बाहेरच्या बाजूला नेऊन पाहिलं. नितंबाचा सांधा आतल्या बाजूला किती फिरतो याची ही तपासणी. उजवा अडतीस अंश, डावा एकवीस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं सगळं फिरणं शेवटी डाव्या नितंबावर येतं. तो सांधा फिरायचा थांबला की शरीराला वाट एकच: पुढे आणि वर. मामांनी डोळ्यांनी जे पाहिलं तेच मॅडमनी अंशात मोजलं. बावीस वर्षं खुर्चीत बसून काम केल्याचं हे देणं आहे असं त्या म्हणाल्या, आणि मला ते पटलं.

व्यायाम साधे आहेत. जमिनीवर बसून दोन्ही गुडघे काटकोनात, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. बाजूला झोपून टाच वर उचलायची. रात्री जेवणाआधी बारा मिनिटं. सात आठवड्यांत एकवीसचे एकोणतीस झाले. कमी वाटेल, पण ते आठ अंश मला प्रत्येक फटक्यात जाणवतात.

खरा चमत्कार मात्र मॅडमनी जाता जाता सांगितलेल्या एका वाक्यात होता: सांधा फिरेपर्यंत पाऊल आधीच फिरवून उभ्या राहा. जुना दिग्गज गोल्फर बेन होगन डावं पाऊल पाव फेरा (काटकोनाचा पाव भाग) बाहेर ठेवायला सांगायचा हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे! मी ते दिसण्याची बाब समजत होते आणि दोन्ही पावलं चौकोनी ठेवत होते, कारण तसं नीटनेटकं वाटतं. पाऊल वीस-पंचवीस अंश बाहेर केलं आणि पहिल्याच बॉलला डावा खिसा मागे गेल्यासारखं वाटलं. आवाजच वेगळा. ठिपका ग्रूव्हच्या मधोमध. त्या फेसचा फोटो मी अजून पुसलेला नाही.

सध्याचा सराव असा. बॅग मागे उभी करून तिला टेकून अर्धे स्विंग वीस, फटका पूर्ण होईपर्यंत स्पर्श सुटता कामा नये. मग बॉलच्या बाहेर दोन बोटांवर एक टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) रोवायचा आणि टीला धक्का न लावता बॉल मारायचा, वीस. मग मोकळे वीस. मॅटवर नको, गवतावर. मॅट जाड फटकासुद्धा (बॉलआधी जमिनीला लागलेला) गोड करून दाखवतो.

सामानाबद्दल थोडं. पावसात कॉर्डवाली (रबरात दोरा विणलेली) ग्रिप हवीच. गोल्फ प्राइडची अर्धी कॉर्ड असलेली बसवली आहे, हाताला खरखरीत लागते पण सुटत नाही. फुटजॉयचे पावसाळी ग्लोव्ह भिजवून वापरा, कोरडे असताना उलट निसटतात. मे महिन्यात सेकंडहँड आयर्न घेतले ते अर्धा इंच लांब निघाले. विक्रेत्याने शाफ्टची लांबी लिहिलीच नव्हती, आणि विचारल्यावर ‘स्टँडर्डच असते’ म्हणाला. घेण्याआधी टेप लावून मोजायला सांगा, फोटो मागा. ती अर्धा इंच वाढही हीलकडे ढकलायला कारण झाली असणार. मी आता ग्रिप तेवढीच खाली धरते.

पुढच्या शुक्रवारी आयर्न दोन अंश अपराइट (दांडा जास्त उभा) वाकवून घ्यायचं ठरलं होतं. जुलैत लाय बोर्डवर (दांड्याचा कोन तपासायच्या फळीवर) सोलची, म्हणजे क्लबच्या तळाची, खूण टोच्या (हीलच्या विरुद्ध टोकाच्या) बाजूला आली म्हणून. पण हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की ती चाचणी मी उठत होते तेव्हाची आहे. उठलं की हात वर जातात, टो खाली जातो, खूण टोच्या बाजूलाच येणार. क्लब बरोबर असतील, चूक माझ्या कंबरेची मोजली गेली. शुक्रवारचं रद्द करते. दिवाळीनंतर, पाऊल नव्या जागी मुरलं की पुन्हा बोर्डवर मारीन. आणि मोजून घेताना सगळे आयर्न नकोत, आधी फक्त सेव्हन.

तोच पार थ्री रविवारी पुन्हा खेळले. एकशे अठरा यार्ड, भिजलेलं ग्रीन, समोरून मंद वारा. पाऊल बाहेर, बॅगेची आठवण, बस. बॉल ग्रीनच्या मध्यावर पडला आणि ओल्या मातीत तिथेच रुतला. मग ग्रीनवर दोन हलके फटके (पट). मामा काही बोलले नाहीत, पण क्लब माझ्या हातातून घेऊन पुसताना एकदा फेसकडे बघितलं आणि मान हलवली. त्या फेरीत अठ्ठ्याऐंशी फटके झाले. नव्वदच्या आत मी या वर्षी पहिल्यांदाच आले.

उरलंय ते छप्पन अंशाच्या वेजचं (छोट्या, उंच फटक्यांच्या क्लबचं). कालचे दोन शँक सेव्हनचे. वेजच्या वीस छोट्या पिचमध्ये मात्र पाच ठिपके हीलवरच होते. छोट्या फटक्यात कंबर फिरतच नाही, मग बाहेर केलेल्या पावलाचा उपयोग काय? मला वाटतं तिथे मी रुंद उभी राहते. उद्या पहाटे दोन्ही पावलं जवळ घेऊन, वजन आधीच डाव्या पायावर ठेवून तीस मारते. मार्कर बॅगेत टाकलाय.