स्त्रीपार्टी नटाचे वार्तापत्र आणि मानधनाचा अर्ज

कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकातल्या नटाने उभा जन्म रात्री जागवून काढला असला, तरी तसे लेखी दाखवण्याजोगे त्याच्याजवळ बहुधा काहीच नसते. या नाटकाला लिहिलेली संहिता नाही. मंडळी देवळात पोहोचल्यावर संध्याकाळी त्या रात्रीचे आख्यान ठरते, संवाद ज्याचे तो उभ्या उभ्या रचतो, नाईटचे पैसे मालकाकडून रोख मिळतात आणि पहाटे दहीकाला झाला की पेटारा आवरून सगळे पुढच्या गावच्या वाटेला लागतात. या साऱ्यात कागद निर्माण होण्याचा प्रसंगच येत नाही. याउलट, शासनाची ज्येष्ठ कलाकारांच्या मानधनाची जी योजना १९५४-५५ पासून निरनिराळ्या स्वरूपांत चालत आली आहे आणि जिच्यात आता दरमहा ५००० रुपये मिळतात, तिला पुरावे लागतात, आणि ते लागणे गैर आहे असे मला वाटत नाही. वयाची पन्नाशी आणि कलाक्षेत्रातील किमान १५ वर्षांचे काम, यांपैकी वय सिद्ध करणे सोपे असते.

वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आषाढातल्या एका भर पावसाच्या सकाळी शेजारच्या गावातील एक वहिनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अर्ज घेऊन आल्या. त्यांचे सासरे एके काळचे नावाजलेले स्त्रीपार्टी नट, म्हणजे नाटकात बायकांच्या भूमिका करणारे पुरुष. गुडघे गेल्यावर काम सुटले, मंडळाचे मालक वारले, मंडळ मोडले. शेवटच्या काही वर्षांची कात्रणे आणि एक मानपत्र घरात होते, पण ऐन भराच्या काळाचे काहीच नव्हते. "बाई, बाबांच्या नावाचो एक पेपर मुंबयसून येयत होतो आणि तो तुमच्या वाचनालयात आसा, असा ते म्हणतत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा त्यावर फारसा विश्वास दिसला नाही.

माझाही नव्हता. दाखल नोंदवहीत असे काही नाही, हे मला पाहण्याआधीच ठाऊक होते. परंतु आमच्या मागच्या खोलीत जुने दिवाळी अंक ठेवलेले एक लाकडी कपाट आहे, आणि पूर्वीच्या ग्रंथपालांना जे फेकवले नाही आणि नोंदवताही आले नाही ते सारे त्याच्या खालच्या कप्प्यात जमा झालेले आहे. तेथे, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात, फुलस्केप आकाराचे सायक्लोस्टाइल केलेले अंक निघाले. टाचण्या गंजून कागदात उतरल्या होत्या, कडांना कसर लागली होती, पण मजकूर बहुतेक ठिकाणी वाचता येत होता. प्रत्येक अंकाच्या माथ्यावर त्या नटाचे नाव, खाली परळमधील एका खोलीचा पत्ता आणि ‘फक्त सभासदांसाठी’ अशी ओळ.

या वार्तापत्राचा जन्म कसा झाला, हे त्यातल्याच एका वर्धापन अंकात सविस्तर सांगितले आहे. गिरण्यांत काम करणारे आमच्या भागातले लोक गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांच्या सामाईक, खोलीत राहत. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की गावी जाण्यासाठी रजा कोणत्या दिवसांची टाकायची, हा प्रत्येकापुढचा प्रश्न असे, आणि तो या नटाच्या चाहत्यांपुढे अधिक बिकट असे, कारण त्यांना केवळ जत्रा नको होती, हा नट ज्या जत्रेत उभा राहणार ती जत्रा हवी होती. म्हणून गावाहून पत्राने मंडळाच्या तारखा मागवून त्यांची यादी खोलीच्या भिंतीवर लावली जाऊ लागली. शेजारच्या चाळींतले लोक ती उतरवून नेऊ लागले, नकलांत चुका होऊ लागल्या, तेव्हा कोणीतरी मेणकागदावर लोखंडी लेखणीने यादी कोरून सायक्लोस्टाइल काढण्याची कल्पना मांडली. पुढे यादीच्या खाली दोन ओळी कौतुकाच्या आल्या, मग वाचकांची पत्रे, मग दामोदर नाट्यगृहात मंडळाचा प्रयोग झाला त्याचा वृत्तान्त, आणि अशा रीतीने भिंतीवरच्या कागदाचे वार्तापत्र झाले. हंगामात ते दरमहा निघे. पावसाळ्यात जत्राही नसत आणि मुंबईची बोटही बंद असे, म्हणून त्या महिन्यांचा मिळून एकच जोड अंक येई. हे जोड अंक मला सर्वांत कंटाळवाणे वाटले, कारण बातमी नसल्यामुळे संपादक त्यांत नटाचे चरित्र लिहीत. एका वर्षी नटाने नवव्या वर्षी तोंडाला रंग लावला, दुसऱ्या वर्षी सातव्या. आणखी काही पावसाळे गेले असते तर तो पाळण्यातच उभा राहिला असता.

अडचण ही होती की अंकांवर क्रमांक आणि महिना होता, वर्ष नव्हते, आणि अर्जाला तर वर्षेच हवी होती. दुपारचे जेवण बाजूला ठेवून मी ते लावायला बसले. सर्व अंकांच्या पत्त्यात आमचा जिल्हा रत्नागिरी असा होता. अखेरच्या मोजक्या अंकांत तो खोडून हाताने सिंधुदुर्ग केलेला होता, म्हणजे ते १ मे १९८१ नंतरचे. सुरुवातीच्या अंकांवर आमच्या वाचनालयाचा पत्ता पिनकोडाशिवाय होता आणि पुढे त्यात ४१६५१६ हा आकडा आला. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला असला तरी लोक तो त्याच दिवशी लिहू लागले असे नाही, त्यामुळे या खुणेवर मी बेताचाच भार टाकला. काही अंकांची बुक पोस्टाची वेष्टने शिल्लक होती आणि दोन-तीन वेष्टनांवर टपालाचा शिक्का स्पष्ट होता. खरा आधार मात्र यादीनेच दिला. जत्रा तिथीने ठरतात आणि नोकरदाराला रजा तारखेने काढावी लागते, म्हणून संपादकांनी प्रत्येक जत्रेपुढे तिथी, वार आणि इंग्रजी तारीख अशा तिन्ही गोष्टी दिल्या होत्या. अमुक तिथी अमुक तारखेला आणि अमुक वारी असे वर्ष दहा-पंधरा वर्षांच्या अवधीत सहसा एकच सापडते. जुनी पंचांगे आमच्याकडे आहेत. फक्त आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा या हिशेबात बसत नव्हती, कारण तिला ठरलेली तिथी नाही, देवीच्या कौलाने दिवस निश्चित होतो. ती नोंद असलेले अंक मी इतर जत्रांवरून लावले.

तिसऱ्या प्रहरी माझ्यासमोर अकरा-बारा हंगामांची सलग मांडणी तयार झाली. आमच्या कार्यवाहांना मी बोलावून घेतले, कारण दाखल्यावर सही त्यांची लागणार होती. ते निवृत्त मुख्याध्यापक असून कागदाच्या बाबतीत काटेकोर आहेत. त्यांनी पहिला आक्षेप असा घेतला की १८६७ च्या मुद्रण कायद्याखाली नोंदलेले हे वृत्तपत्र नव्हे, तेव्हा त्याला पुरावा म्हणायचे कशाच्या बळावर. यावर माझे उत्तर असे होते की ते वृत्तपत्र असल्याचा दावा आपण करणारच नाही, हे अंक आपल्या संग्रहात आहेत आणि त्यांत काय लिहिले आहे एवढेच सांगू. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता, आणि तो माझ्या ध्यानात आला नव्हता. ही यादी प्रयोगाच्या आधी छापलेली आहे. तिच्यावरून मंडळाचा बेत कळतो, प्रयोग झाला असे कळत नाही. शिवाय चाहत्यांनी आपल्या नटाविषयी लिहिलेला मजकूर निःपक्षपाती कसा मानायचा?

याच सुमाराला वहिनी सासऱ्यांना रिक्षाने घेऊन आल्या. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, अंगाने वाळलेले, परंतु खुर्चीत बसताना धोतराचा सोगा सावरण्याची लकब अशी की कार्यवाह आपोआप उठून उभे राहिले. मी त्यांना एका जुन्या हंगामाची यादी वाचून दाखवू लागले: अमुक गावची जत्रा, अमुक तारीख, आख्यान द्रौपदी वस्त्रहरणाचे. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"ह्या चुकीचा छापल्यानी. त्या राती मियां तारामती केलंय, द्रौपदी न्हय."

एवढ्या वर्षांपूर्वीची एक रात्र त्यांना इतकी नेमकी आठवावी, हे खरे सांगायचे तर मला पटले नाही. परंतु आख्यान ऐनवेळी ठरत असल्याने बदल होणे अशक्यही नव्हते, म्हणून मी पुढच्या महिन्याचा अंक उघडला. वाचकांच्या पत्रांत, नावाऐवजी केवळ आद्याक्षरे दिलेले, एका स्त्रीचे पत्र होते. त्याच गावच्या त्याच जत्रेत तिने हरिश्चंद्राचे आख्यान पाहिले होते. तारामतीने सर्वांना रडवले हे मान्य करून तिने तक्रार केली होती की राज्य गेले, नवरा डोंबाघरी राबू लागला, तरी तारामतीच्या अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, तसाच होता, आणि दुःखात बुडालेल्या बाईला हे शोभत नाही. त्याखाली संपादकांचे उत्तर होते: नटाला कळवले आहे, त्यांनी सूचना मान्य केली आहे, यापुढे त्या प्रवेशात फुले दिसणार नाहीत.

कार्यवाहांनी ते पत्र स्वतः दोनदा वाचले. त्यांच्या दोन्ही आक्षेपांना त्यात उत्तर होते. प्रयोग झाला होता, नट त्यात होता, आणि लिहिणारी व्यक्ती स्तुती करायला बसलेली नव्हती. मग आम्ही तिघांनी मिळून गठ्ठ्यातून फक्त अशी पत्रे वेगळी काढली. कोणी लुगड्याचा काठ कोठून आणला असे विचारत होती, कोणी पेटीवाल्याने पट्टी उंच धरल्याने आवाज चिरकला म्हणून मालकांवर रागावले होते. एका अंकात तर, नट तापाने फणफणल्यामुळे सोनुर्लीच्या जत्रेला उभा राहू शकला नाही, यासाठी संपादकांनी रजा काढून गेलेल्या सभासदांची जाहीर क्षमा मागितली होती. जे वार्तापत्र गैरहजेरीही छापते त्याच्यावर हजेरीपुरता भरवसा ठेवायला हरकत नाही, असे मी म्हणाले आणि कार्यवाहांनी मान डोलावली. जोड अंकांतील चरित्राला मात्र आम्ही दाखल्यात स्थान दिले नाही. नवव्या वर्षाचेही नाही आणि सातव्या वर्षाचेही नाही.

अखेरचे अंक वाचताना आजोबा गप्प झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. त्यानंतरच्या अंकात वर्गणी सवडीने पाठवावी अशी सूचना आहे, पुढचा अंक एकाच पानाचा आहे, आणि त्यात जत्रांची यादी नाही, तर कोण कोण सभासद गावी परतले त्यांची नावे आहेत. त्यानंतर अंक नाही. वर्गणीअभावी ते बंद पडले हे उघड आहे. पण मला असेही वाटते की ज्यांच्यासाठी ती यादी निघत होती ते वाचक बिनपगारी होऊन गावातच येऊन बसल्यावर, नट कोठे उभा राहणार हे त्यांना मुंबईहून कळवण्याचे कारणही उरले नसावे.

दिवेलागणीपर्यंत दाखला तयार झाला. ‘वाचनालयाच्या संग्रहातील अंकांत सदर कलाकाराच्या पुढील हंगामांतील प्रयोगांविषयी प्रेक्षकांची पत्रे व वृत्तान्त आढळतात,’ एवढेच त्यात आहे, आणि सोबत वर्षवार तक्ता. घरच्या कात्रणांची वर्षे त्यात मिळवली की पंधराचा आकडा सहज ओलांडला जात होता. अंकांना दाखल क्रमांक नसल्याने तक्त्यात उल्लेख कसा करायचा हा प्रश्न आला, तेव्हा मी त्याच वेळी दाखल नोंदवही उघडून सगळा गठ्ठा नोंदवला. कार्यवाहांनी शिक्का उमटवला. जिल्हा पातळीवरच्या समितीपुढे या कागदाचे काय होते ते अजून ठरायचे आहे.

निघता निघता आजोबांनी ते वळेसराचे पत्र पुन्हा एकदा वाचून घ्यायला लावले. लिहिणारी कोण असावी, असे मी विचारले. त्यांना ते ठाऊक नव्हते आणि त्यात रसही दिसला नाही.

"फुलां मियां काढलंय, पण माका ता पटलेला नाय," ते म्हणाले. "राज्य गेला म्हणान तारामतीन एक वळेसर पण माळूचो नाय? नवऱ्यान बघूक होयो ना, की ही अजून हरूक नाय ती."

हे उत्तर तेव्हा का कळवले नाही, असे कार्यवाहांनी विचारले. संपादकांनी त्यांना न विचारताच होकार छापला होता, असे आजोबांनी सांगितले. मी ते उत्तर त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवून घेतले, खाली त्यांचा अंगठा नको, सहीच घेतली, तारीख घातली आणि त्या अंकाला जोडले. समितीकडे पाठवायच्या नकलांत ते घातले नाही.