पीएसए करून घ्यायची की नाही, हे रक्त देण्याआधी ठरवा

बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडच्या बऱ्याच लॅबच्या 'फुल बॉडी चेकअप'मध्ये पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी पीएसए घातलेली असते. पीएसए म्हणजे प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचा संशय घ्यायला मदत करणारी रक्ततपासणी. रक्त काढतातच आहेत, तर हेही होऊन जाऊ दे, असं घरचे म्हणतात. साखर तपासण्याइतकी ही तपासणी साधी नाही. आकडा वाढलेला निघाला की एमआरआय, बायोप्सी (सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं), ऑपरेशन अशी रांग लागते आणि मध्येच थांबायला फार धीर लागतो.

फायदा खरा आहे, पण लहान आहे. युरोपात 1993 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचा 23 वर्षांचा हिशेब सांगतो, की 55 ते 69 वयाच्या 456 पुरुषांना तपासणीला बोलावलं तर प्रोस्टेट कॅन्सरचा एक मृत्यू टळतो. खानापूर तालुक्यातल्या काही गावांतले या वयाचे सगळे बाप्ये धरा, त्यातला एक. त्या एकापाठीमागे बारा जास्तीच्या लोकांना कॅन्सरचं निदान होतं. त्यातल्या काहींची गाठ इतकी संथ असते, की तिने आयुष्यात कधीच त्रास दिला नसता. ऑपरेशन झालं तर मात्र लघवीवरचा ताबा सुटणं, लिंगाला ताठरता न येणं हे त्रास मागे राहू शकतात. आपल्याकडे हे कोणी मोकळेपणी विचारत नाही, म्हणून डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

तपासणी करायचीच असेल तर नीट करा. लघवीला जळजळ, ताप असेल किंवा नुकतीच लघवीची नळी घातली असेल तर सहा आठवडे थांबा. आधीचे दोन दिवस संबंध आणि लांबची सायकल टाळा. सगळ्यात जास्त घोळ गोळ्यांमुळे होतो. लघवी तुंबते म्हणून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त चालू असेल, तर पीएसए निम्म्यावर येते. रिपोर्टवर 2.4 दिसलं तरी ते 4.8 धरायचं. लॅबवाल्याला हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

4 ते 10 मधला आकडा आला तर घाबरून जाऊ नका. अशा चारांपैकी साधारण तिघांना कॅन्सर नसतो; वयानं वाढलेली ग्रंथी किंवा सूज हेच कारण असतं. काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत तपासा. तरी जास्तच आली तर आधी एमआरआय, मग गरज पडली तर बायोप्सी. बायोप्सीच्या संमतीचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोला. सत्तरीनंतर, त्रास नसताना, ही तपासणी करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. लघवीतून रक्त किंवा कंबरेच्या हाडातलं न थांबणारं दुखणं असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवा आणि लगेच दाखवा.

बायोप्सीत 'ग्लीसन 3+3' (कॅन्सरचा सगळ्यात संथ, कमी धोक्याचा दर्जा) आलं तर ऑपरेशनची तारीख घ्यायची घाई नको. ब्रिटनमध्ये 1643 रुग्णांत नुसती देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन यांची तुलना झाली. 15 वर्षांत या कॅन्सरने 45 जण गेले आणि तिन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखंच होतं. देखरेख म्हणजे ठरावीक महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी. दुसऱ्या मतासाठी कोल्हापूर किंवा मिरजेला जाणार असाल तर बायोप्सीच्या काचा (तुकडे लावलेल्या स्लाइड) आणि जुने सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये बरोबर न्या.